मालमत्ता होती, मत नव्हते : प्राचीन रोममधील स्त्रियांचे हक्क आणि स्थान

प्राचीन रोममध्ये स्त्रियांचे स्थान काय होते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना पहिली अडचण काळाची येते. टायबर नदीकाठचे एक लहान नगरराज्य ते संपूर्ण भूमध्य समुद्राला वेढणारे साम्राज्य ही रोमची वाटचाल हजार वर्षांहून अधिक काळ चालली, आणि इ.स.पू. पाचव्या शतकातील शेतकरी घरातील सून व इ.स. दुसऱ्या शतकातील वीटभट्ट्यांची मालकीण यांच्या आयुष्यात फारच थोडे साम्य होते. दुसरी अडचण वर्गभेदाची आहे : सिनेटरची कन्या, बाजारात भाजी विकणारी नागरिक स्त्री आणि त्याच बाजारात स्वतःच विकली जाणारी गुलाम स्त्री या तिघीही एकाच नगरात राहत असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात मोठी दरी होती. तिसरी अडचण साधनांची आहे, कारण रोमन स्त्रियांविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक सारे पुरुषांनी लिहिले. स्त्रियांनी स्वतः लिहिलेल्या मजकुरापैकी सुल्पिशिया या कवयित्रीच्या मोजक्या कविता, काही पत्रे, अर्ज आणि शिलालेख एवढेच आज हाती आहे.

या अडचणी लक्षात घेऊनही एक सूत्र स्पष्ट दिसते. रोमन स्त्रीला मतदान करण्याचा, राजकीय पद भूषविण्याचा किंवा कायदा करणाऱ्या सभेत बोलण्याचा अधिकार कधीच मिळाला नाही. मात्र मालमत्ता बाळगण्याचा, वारसा घेण्याचा, मृत्युपत्र करण्याचा आणि नको असलेला विवाह मोडण्याचा अधिकार तिच्याकडे क्रमाक्रमाने आला. यांपैकी बहुतेक अधिकार स्त्रीला स्वतंत्र करावे या हेतूने दिले गेले नव्हते. कुळाची संपत्ती कुळातच राहावी, नागरिकांची संख्या वाढावी, घराण्यांमधील देण्याघेण्याचे व्यवहार सुरळीत चालावेत, अशा पुरुषांच्या आणि राज्याच्या गरजांतून ते निर्माण झाले आणि स्त्रियांनी पुढे ते आपल्या उपयोगात आणले. रोमन स्त्रीच्या इतिहासाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी येथेच सापडतात.

पित्याची सत्ता

इ.स.पू. ४५१-४५० मध्ये रोमन कायदा प्रथमच लेखी स्वरूपात बारा फलकांवर नोंदवला गेला. मूळ फलक नष्ट झाले असले, तरी नंतरच्या लेखकांनी उद्धृत केलेल्या कलमांवरून त्यांचे स्वरूप समजते. या कायद्याच्या केंद्रस्थानी कुटुंबातील सर्वांत ज्येष्ठ पुरुष, म्हणजे कुटुंबप्रमुख होता. आपल्या वंशजांवरील त्याच्या अधिकाराला ‘पात्रिया पोतेस्तास’, म्हणजे पितृसत्ता, असे म्हणत. नवजात अर्भकाचा स्वीकार करायचा की त्याला टाकून द्यायचे, मुलामुलींचे विवाह कोठे करायचे, याचा निर्णय तो घेत असे; तत्त्वतः तर अपत्यांच्या जीवनमरणाचा अधिकारही त्याच्या हाती होता. त्याच्या सत्तेखालील व्यक्तीला स्वतःची मालमत्ता नसे आणि तिने कमावलेले सर्व कायद्याने त्याचेच ठरे.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य असे की, तिचा भार मुलगा आणि मुलगी या दोघांवरही पडत असे. मुलगा कितीही मोठा झाला, विवाहित झाला, अगदी कॉन्सलच्या सर्वोच्च पदावर पोहोचला, तरी पिता हयात असेपर्यंत तो त्याच्या सत्तेखालीच राही. पित्याच्या निधनानंतर मुलगा आणि मुलगी दोघेही एकाच वेळी ‘सुई यूरिस’, म्हणजे दुसऱ्या कोणाच्याही सत्तेखाली नसलेल्या व्यक्ती, होत असत; आणि पिता मृत्युपत्र न करता वारला असेल, तर त्याच्या सत्तेखालील मुलगे व मुली यांना मालमत्तेत समान वाटा मिळत असे. प्राचीन अथेन्समध्ये मुलगे असताना मुलीला वारसा मिळत नसे, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाचे महत्त्व कळते. त्या काळी आयुर्मान कमी असल्यामुळे अनेक स्त्रियांचे वडील त्या तरुण असतानाच निवर्तत, आणि त्यामुळे स्वतःच्या नावाची मालमत्ता असलेल्या स्त्रियांची संख्या रोममध्ये लक्षणीय होती.

मुलगी कुळाची मानली जात होती, याची खूण तिच्या नावातही दिसते. प्रतिष्ठित रोमन पुरुषाला व्यक्तिनाम, कुळनाम आणि उपनाम अशी तीन नावे असत. स्त्रीला मात्र सामान्यतः कुळनामाचे स्त्रीलिंगी रूप हेच नाव मिळे. ज्यूलियस कुळातील प्रत्येक मुलगी ज्यूलिया आणि कॉर्नेलियस कुळातील प्रत्येक मुलगी कॉर्नेलिया असे. बहिणी अनेक असल्यास थोरली, धाकटी, तिसरी अशी विशेषणे जोडली जात. विवाहानंतरही हे नाव बदलत नसे, त्यामुळे स्त्रीची ओळख आयुष्यभर पित्याच्या कुळाशी जोडलेली राही.

विवाहाचे दोन प्रकार

सुरुवातीच्या काळात विवाहानंतर स्त्री पित्याच्या सत्तेतून निघून पतीच्या सत्तेत जात असे. पतीच्या या सत्तेला ‘मानुस’ म्हणत. ती प्रस्थापित होण्याचे तीन मार्ग होते : पुरोहित आणि दहा साक्षीदार यांच्यासमोर भाकरीचा नैवेद्य अर्पण करून होणारा धार्मिक विधी, साक्षीदारांसमोर होणारी प्रतीकात्मक खरेदी, आणि पतीच्या घरी सलग एक वर्ष केलेला संसार. मानुस पद्धतीने विवाहित झालेली स्त्री कायद्याच्या दृष्टीने पतीची जणू कन्याच होई. तिची मालमत्ता पतीकडे जाई आणि पतीच्या निधनानंतर तिला मुलांच्या बरोबरीने वारसा मिळे.

मात्र बारा फलकांच्या कायद्यातच या व्यवस्थेतून सुटण्याची एक वाट ठेवलेली होती. स्त्री दरवर्षी सलग तीन रात्री पतीच्या घराबाहेर राहिली, तर एक वर्षाच्या सहवासाची अट खंडित होई आणि पतीची सत्ता निर्माण होत नसे. विवाह कायम राही, पण स्त्री पित्याच्या कुळाचीच सदस्य राही. श्रीमंत घराण्यांना ही तरतूद फार सोयीची होती, कारण मुलीच्या वाट्याची संपत्ती जावयाच्या घराण्याकडे जाण्याचा धोका तीमुळे टळत असे. हळूहळू मानुसविना होणारे विवाह वाढत गेले आणि प्रजासत्ताकाच्या अखेरीस, म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकात, तेच सर्वसामान्य झाले.

या बदलाचे परिणाम दूरगामी होते. पती आणि पत्नी यांची मालमत्ता पूर्णपणे वेगळी मानली जाऊ लागली. इतकी की, पतीपत्नींनी एकमेकांना दिलेल्या मोठ्या देणग्या कायद्याने रद्दबातल ठरत. पत्नीच्या जमिनीवर, घरांवर किंवा पैशावर पतीचा काहीही हक्क नसे. सुप्रसिद्ध वक्ता सिसेरो याची पत्नी टेरेन्शिया ही स्वतःच्या मोठ्या मालमत्तेची मालकीण होती आणि तिचा कारभार ती आपल्या व्यवस्थापकामार्फत पाहत असे. इ.स.पू. ५८ मध्ये सिसेरोला हद्दपार व्हावे लागले, तेव्हा कुटुंबाला पैसा उभा करून देण्यासाठी आपली एक मिळकत विकण्याचा विचार तिने केला होता, आणि तसे करू नये, मुलाच्या भवितव्याचा विचार करावा, अशी विनवणी सिसेरोने तिला पत्रातून केली. मालमत्ता तिची असल्यामुळे विनवणीपलीकडे त्याला काही करता येत नव्हते.

हुंड्याची, म्हणजे ‘दोस’ची, व्यवस्थाही याच दृष्टीने पाहावी लागते. हुंडा विवाहकाळात पतीच्या ताब्यात असे आणि त्याच्या उत्पन्नातून पत्नीच्या निर्वाहाचा खर्च चालावा अशी अपेक्षा असे. पण विवाह संपुष्टात आल्यावर तो परत मागण्यासाठी दावा लावता येई. घटस्फोटात दोष पत्नीचा असेल, तर प्रत्येक अपत्यामागे हुंड्याचा सहावा हिस्सा, जास्तीत जास्त तीन हिश्श्यांपर्यंत, पतीला ठेवून घेता येई. सम्राट ऑगस्टस याच्या कायद्याने हुंड्यात आलेली इटलीतील जमीन पत्नीच्या संमतीविना विकण्यास पतीला मनाई केली. मोठा हुंडा आणलेल्या पत्नीचा घरातील शब्द वजनदार ठरत असे, कारण तिने संसार मोडला तर ती रक्कम परत करण्याची वेळ पतीवर येई.

घटस्फोटाच्या बाबतीतही असाच बदल झाला. इ.स.पू. २३० च्या सुमारास स्पूरियस कार्व्हिलियस रूगा याने पत्नीला मूल होत नाही म्हणून तिला सोडल्याची घटना रोमन लेखकांनी विशेष म्हणून नोंदवली आहे. पुढे दोनशे वर्षांत परिस्थिती पालटली आणि मानुसविना झालेला विवाह पती किंवा पत्नी यांपैकी कोणीही, न्यायालयाच्या परवानगीविना, मोडू शकत असे. मात्र मुले पित्याच्या सत्तेखाली असल्यामुळे घटस्फोटानंतर ती त्याच्याकडेच राहत, आणि संसारातून बाहेर पडू पाहणाऱ्या आईला याची किंमत चुकवावी लागे. कायद्याने मुलीचे विवाहाचे किमान वय १२ आणि मुलाचे १४ होते. उच्चकुलीन मुलींचे विवाह पुष्कळदा पंधराव्या वर्षाच्या आतच होत. सामान्य घरांतील मुलींचे विवाह त्याहून काहीसे उशिरा होत, असे समाधिलेखांच्या अभ्यासावरून दिसते. बाळंतपण हा स्त्रीच्या जीवाला असलेला सर्वांत मोठा धोका होता : सिसेरोची लाडकी कन्या टुलिया इ.स.पू. ४५ मध्ये बाळंतपणानंतर मरण पावली, आणि ग्रॅकस बंधूंची आई कॉर्नेलिया हिच्या १२ अपत्यांपैकी केवळ तीन मोठी झाली.

पालकत्वाचे बंधन आणि त्याची झीज

पित्याच्या निधनानंतर स्त्री कोणाच्याही सत्तेखाली राहिली नाही, तरी तिच्यावर ‘तुतेला’, म्हणजे कायदेशीर पालकत्व, लागू होई. मुलगा १४ वर्षांचा झाला की त्याचे पालकत्व संपे; स्त्रीचे मात्र आयुष्यभर चाले. मृत्युपत्र करणे, गुलाम मुक्त करणे, हुंडा देणे, जमिनीसारखी महत्त्वाची मालमत्ता विकणे यांसाठी तिला पालकाची संमती लागत असे. हा पालक बहुधा पित्याच्या बाजूचा जवळचा नातलग, म्हणजे तिचा संभाव्य वारसच असे. त्यामुळे पालकत्वाचा खरा हेतू स्त्रीचे संरक्षण हा नसून कुळाच्या मालमत्तेचे संरक्षण हा होता, हे उघड आहे.

रोमन कायदेपंडितांनाही हे कळत होते. स्त्रियांची बुद्धी चंचल असल्यामुळे त्यांना पालकाची गरज असते, असे समर्थन परंपरेने केले जाई, परंतु इ.स. दुसऱ्या शतकाच्या मध्यास लिहिणाऱ्या गायस या कायदेपंडिताने आपल्या पाठ्यग्रंथात हे समर्थन वरवर पटणारे असले तरी खरे नाही, असे स्पष्टपणे नोंदवले आहे. कारण प्रौढ स्त्रिया आपले व्यवहार स्वतःच पाहतात आणि पालकाची संमती पुष्कळदा केवळ औपचारिक असते, असे त्याचे निरीक्षण होते. एखादा पालक संमती देत नसेल, तर प्रेटर हा न्यायदंडाधिकारी त्याला ती देण्यास भाग पाडू शकत असे.

पालकत्वाला मोठा धक्का ऑगस्टसच्या कायद्यांनी दिला. नागरिकांची संख्या वाढावी म्हणून त्याने तीन अपत्ये असलेल्या जन्मतः स्वतंत्र स्त्रीला, आणि चार अपत्ये असलेल्या मुक्त गुलाम स्त्रीला, पालकत्वातून पूर्णपणे मोकळे केले. त्यानंतर सम्राट क्लॉडियस याने पित्याकडील नातलगांचे जन्मतः स्वतंत्र स्त्रियांवरील पालकत्व रद्द केले. या सवलतीचा लाभ केवळ राजधानीतील श्रीमंत स्त्रियांनी घेतला असे नाही. इजिप्तमध्ये सापडलेल्या इ.स. २६३ च्या एका पपायरसवर ऑरेलिया थाइसूस नावाच्या स्त्रीने प्रांताधिकाऱ्याकडे केलेला अर्ज आहे; आपल्याला तीन अपत्ये आहेत, आपल्याला लिहिता-वाचता येते, म्हणून यापुढे पालकाविना व्यवहार करण्याच्या आपल्या हक्काची नोंद घ्यावी, अशी मागणी ती त्यात करते. कायद्याला केवळ अपत्यांची संख्या पुरेशी होती. साक्षरतेचा उल्लेख तिने आपल्या पात्रतेची खूण म्हणून स्वतःहून केला, आणि हक्क मिळवणाऱ्या स्त्रीचा आत्मविश्वास त्यातून स्पष्ट दिसतो.

संपत्ती, व्यवसाय आणि दूरचा व्यापार

इ.स.पू. १६९ मधील व्होकोनियस कायद्याने सर्वांत श्रीमंत वर्गातील व्यक्तीने मृत्युपत्राद्वारे स्त्रीला मुख्य वारस नेमण्यास बंदी घातली. असा कायदा करण्याची गरज भासावी, इतकी संपत्ती तोपर्यंत स्त्रियांकडे जात होती. विश्वस्तामार्फत मालमत्ता देण्यासारख्या मार्गांनी पुढे ही बंदी निष्प्रभ झाली. इ.स. दुसऱ्या शतकात सम्राट मार्कस ऑरेलियस याची आई डोमिशिया लुसिला ही रोमजवळच्या मोठ्या वीटउद्योगाची मालकीण होती आणि तिच्या नावाचे शिक्के असलेल्या विटा आजही सापडतात. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात यूमाकिया या सार्वजनिक पुरोहित स्त्रीने नगरचौकात स्वतःच्या आणि मुलाच्या नावाने भव्य इमारत बांधली होती, आणि कापड धुणाऱ्या व सफाई करणाऱ्या कारागिरांच्या संघाने तिचा पुतळा उभारला होता. त्याच नगरातील ज्यूलिया फेलिक्स हिने आपल्या मालकीचे स्नानगृह, दुकाने आणि माडीवरील खोल्या भाड्याने देण्याची जाहिरात भिंतीवर रंगवून घेतली होती.

सामान्य स्त्रियांचे काम समाधिलेखांतून आणि शिल्पांतून दिसते. सुईणी, स्त्री वैद्य, दाया, केशरचनाकार, विणकर, भाजी आणि मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांच्या नोंदी त्यांत आहेत. रोमचे बंदर असलेल्या ऑस्तियाजवळ स्क्रिबोनिया आटिके या सुईणीच्या समाधीवर प्रसूतीचे दृश्य कोरलेले आहे. आदर्श पत्नीचे वर्णन करताना मात्र समाधिलेख लोकरकाम, गृहदक्षता, पातिव्रत्य आणि पतिनिष्ठा याच गुणांचा पुनःपुन्हा उल्लेख करतात. कष्ट करून घर चालवणाऱ्या स्त्रीचा व्यवसायही त्या आदर्शाच्या आड झाकला जातो.

रोमन स्त्रियांच्या हातातील पैशाचा एक धागा भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. भारत, चीन आणि अरबस्तान यांच्याकडे दरवर्षी दहा कोटी सेस्टर्सेस एवढे रोमन चलन जाते आणि ही चैनीची व स्त्रियांची किंमत आहे, अशी तक्रार इ.स. पहिल्या शतकात थोरला प्लिनी याने केली. मोती, तलम सुती कापड, हस्तिदंत, मसाले असा माल त्या काळी भारतातून जहाजांनी जात असे आणि ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या समकालीन ग्रंथात सोपारा व कल्याण या बंदरांचा, तसेच पैठण आणि तेर येथून भडोचला जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती तेर आणि भोकरदन येथील मूर्तींशी साम्य दाखवते. प्लिनीने दोष स्त्रियांना दिला असला, तरी या व्यापारातील मालाचे ग्राहक रोमन पुरुषही तेवढेच होते.

सार्वजनिक जीवनातील आवाज

रोमन स्त्री ग्रीक स्त्रीप्रमाणे घराच्या आतल्या भागात बंदिस्त नव्हती. पतीबरोबर ती मेजवानीला जाई, पाहुण्यांमध्ये बसे, नाट्यगृहात आणि सार्वजनिक स्नानगृहात जाई. कॉर्नेलियस नेपॉस या लेखकाने ग्रीक आणि रोमन चालीरीतींतील हा फरक मुद्दाम नोंदवला आहे. परंतु वावरण्याचे स्वातंत्र्य आणि निर्णयातील सहभाग या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. स्त्रियांना न्यायाधीश होता येत नसे, कोणतेही नागरी पद घेता येत नसे आणि इतरांच्या वतीने न्यायालयात बाजू मांडता येत नसे. इ.स.पू. पहिल्या शतकात कार्फानिया नावाची स्त्री न्यायालयात वारंवार स्वतः युक्तिवाद करू लागली, तेव्हा तिच्यामुळेच ही शेवटची बंदी घातली गेली, असे रोमन कायदेपंडित सांगतात.

तरीही काही प्रसंगी स्त्रियांनी एकत्र येऊन राज्याला आपली दखल घ्यायला लावली. कार्थेजच्या हॅनिबलने रोमन सैन्याचा भीषण पराभव केल्यानंतर इ.स.पू. २१५ मध्ये ओपियस कायदा झाला. त्याने स्त्रियांना अर्ध्या औंसाहून अधिक सोने बाळगण्यास, रंगीबेरंगी वस्त्रे वापरण्यास आणि धार्मिक प्रसंग वगळता नगरात घोडागाडीतून फिरण्यास बंदी केली. युद्ध संपून सुबत्ता आली, पुरुषांवरील निर्बंध उठले, पण हा कायदा तसाच राहिला. इ.स.पू. १९५ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा स्त्रिया रस्त्यांवर उतरल्या, सभास्थानाकडे जाणाऱ्या वाटा त्यांनी अडवल्या आणि विरोध करणाऱ्या लोकाधिकाऱ्यांच्या दारांशी ठाण मांडले. थोरला केटो याने कडाडून विरोध केला, तरी कायदा अखेर रद्द झाला. लिव्ही या इतिहासकाराने दिलेली दोन्ही बाजूंची भाषणे त्याने स्वतः रचलेली आहेत, पण स्त्रियांच्या सामूहिक निदर्शनाची आठवण रोमने जपली, हे त्यावरून सिद्ध होते.

याहून महत्त्वाचा प्रसंग इ.स.पू. ४२ मधला आहे. ज्यूलियस सीझरच्या हत्येनंतर सत्तेवर आलेल्या तीन शासकांनी यादवी युद्धाच्या खर्चासाठी १४०० श्रीमंत स्त्रियांवर कर बसवला. त्या स्त्रियांच्या वतीने नामवंत वक्ता हॉर्टेन्सियस याची कन्या हॉर्टेन्शिया हिने भर चौकात शासकांसमोर भाषण केले. राज्याची पदे, सन्मान, सेनापतिपदे आणि शासन यांत ज्यांना कोणताही वाटा नाही, त्यांनी कर का भरावा, असा तिचा प्रश्न होता. परकीय शत्रू चालून आला तर आपण आपल्या मातांप्रमाणे दागिने देऊ, पण नागरिकांनी नागरिकांविरुद्ध चालवलेल्या युद्धाला पैसा देणार नाही, असेही तिने बजावले. शासक संतापले, पण जनमत पाहून त्यांना यादी ४०० स्त्रियांपर्यंत कमी करावी लागली. तिच्या भाषणाचे केवळ स्त्रीचे भाषण म्हणून कौतुक होत नाही, ते त्याच्या गुणवत्तेसाठी वाचले जाते, असे पुढील शतकातील वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने लिहून ठेवले आहे.

धर्माच्या क्षेत्रात मात्र स्त्रियांना अधिकृत स्थान होते. अग्निदेवता व्हेस्टा हिच्या सहा पुरोहित कन्या नगराचा पवित्र अग्नी सांभाळत. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलींमधून त्यांची निवड होई आणि त्यांना ३० वर्षे ब्रह्मचर्य पाळून सेवा करावी लागे. त्या पितृसत्तेतून आणि पालकत्वातूनही मुक्त असत, मृत्युपत्र करू शकत आणि त्यांना सार्वजनिक मान मिळे. पण ब्रह्मचर्यभंगाचा ठपका आल्यास त्यांना जिवंत पुरले जाई. राज्याने सर्वाधिक सन्मान दिलेल्या स्त्रियांच्या देहावरही राज्याचाच ताबा होता.

नैतिकतेचे कायदे आणि गुलाम स्त्रिया

ऑगस्टसने अपत्यांसाठी सवलती दिल्या, त्याचप्रमाणे इ.स.पू. १८ पासून इ.स. ९ पर्यंतच्या कायद्यांनी खाजगी जीवन राज्याच्या देखरेखीखाली आणले. २० ते ५० वर्षांच्या स्त्रिया आणि २५ ते ६० वर्षांचे पुरुष विवाहित असणे अपेक्षित होते; अविवाहितांच्या आणि निपुत्रिकांच्या वारसाहक्कावर मर्यादा आल्या; विधवेने दोन वर्षांत आणि घटस्फोटितेने दीड वर्षात पुनर्विवाह करावा, असे ठरले. व्यभिचार हा प्रथमच फौजदारी गुन्हा झाला, पण त्याची व्याख्या एकतर्फी होती : विवाहित स्त्रीचा परपुरुषाशी संबंध हा गुन्हा होता, तर विवाहित पुरुषाचा गुलाम स्त्रीशी किंवा वेश्येशी संबंध गुन्हा नव्हता. व्यभिचारी पत्नीला न सोडणारा पतीही शिक्षेस पात्र ठरे. या धोरणाचा कठोरपणा ऑगस्टसच्या घरातही पोहोचला आणि इ.स.पू. २ मध्ये त्याने आपली एकुलती एक कन्या ज्यूलिया हिला पांडातेरिया या लहान बेटावर हद्दपार केले.

या साऱ्या चर्चेत गुलाम स्त्री कोठेच नाही, कारण कायद्याने ती व्यक्ती नव्हती, मालमत्ता होती. तिला वैध विवाह करता येत नसे. गुलाम पुरुषाशी तिचा संसार मालकाच्या मर्जीवर चाले आणि तिची मुले मालकाची होत. मालकाने तिच्या देहाचा केलेला वापर हा गुन्हा मानला जात नसे. शेतीवरील ग्रंथाचा लेखक कोलुमेला, तीन मुलगे वाढवणाऱ्या गुलाम स्त्रीला कामातून सूट आणि त्याहून अधिक मुले वाढवणारीला स्वातंत्र्य द्यावे, असा व्यवहारी सल्ला देतो. स्वतंत्र स्त्रीला पालकत्वातून सोडवणारा अपत्यांचा हिशेब येथे माणसाला माणूसपण परत देण्यासाठी लावलेला दिसतो. मुक्त झालेल्या अनेक स्त्रियांनी व्यवसाय केले आणि पैसा मिळवला : पॉम्पेईतील नेव्होलिया टिके या पूर्वाश्रमीच्या गुलाम स्त्रीने उभारलेली संगमरवरी समाधी आजही पाहता येते. पण मुक्तीनंतरही पूर्वीच्या मालकाशी असलेली कर्तव्ये सुटत नसत. सिनेटच्या इ.स. ५२ मधील ठरावानुसार, दुसऱ्याच्या गुलामाबरोबर राहणाऱ्या स्वतंत्र स्त्रीला स्वतःचेही स्वातंत्र्य गमवावे लागू शकत असे.

मातृत्वाला उशिरा मिळालेली मान्यता

आई आणि मूल ही कायद्याने दोन वेगळ्या कुळांतील असल्यामुळे त्यांना परस्परांचा थेट वारसा मिळत नसे, ही या व्यवस्थेतील ठळक विसंगती दुसऱ्या शतकात दूर होऊ लागली. सम्राट हेड्रियन याच्या काळातील ठरावाने, ठरलेल्या संख्येइतकी अपत्ये असलेल्या आईला, मृत्युपत्र न करता वारलेल्या अपत्याच्या मालमत्तेत हक्क मिळाला, आणि इ.स. १७८ च्या ठरावाने अपत्यांना आईच्या मालमत्तेत प्राधान्य मिळाले. इ.स. २१२ मध्ये साम्राज्यातील बहुतेक सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व मिळाल्यावर हे नियम इजिप्तपासून ब्रिटनपर्यंतच्या स्त्रियांना लागू झाले. पुढे ख्रिस्ती सम्राटांच्या काळात चित्र पुन्हा बदलले : कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२० मध्ये अविवाहितांवरील दंड रद्द केले, त्यामुळे विवाह न करता धर्मजीवन जगणे स्त्रियांना शक्य झाले, पण इ.स. ३३१ मध्ये त्यानेच एकतर्फी घटस्फोटावर कडक अटी घातल्या आणि ‘कारण न देता संसार सोडण्याचा’ जुना अधिकार आक्रसला.

हा शेवटचा बदल रोमन स्त्रीच्या संपूर्ण इतिहासावर प्रकाश टाकतो. जो हक्क मिळवताना तिचे मत कोणी विचारले नव्हते, तो काढून घेतानाही कोणी विचारले नाही. मालमत्तेने तिला पतीसमोर मान दिला, व्यवसायाची संधी दिली, अन्यायी संसारातून बाहेर पडण्याचे बळ दिले, आणि प्राचीन जगातील पुष्कळ समाजांच्या तुलनेत हे यश मोठे आहे. परंतु कायदा करणाऱ्या सभेत जागा नसल्यामुळे तिचा प्रत्येक हक्क सत्ताधारी पुरुषांच्या सोयीवर अवलंबून राहिला, आणि गुलाम स्त्रीपर्यंत तर तो पोहोचलाच नाही. आर्थिक हक्क आणि राजकीय हक्क हे एकमेकांना पर्याय ठरू शकत नाहीत. त्यांपैकी एकच मिळाला तर तोही सुरक्षित राहत नाही, हा रोमच्या हजार वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.